पहारेकऱ्यावर चिडलेले साहेब

अंबडच्या कचेरीत दाखले देणारे साहेब माझ्या खोलीशेजारी राहतात. रविवारी त्यांना मोबाइलवर जुना फ्रेंच कार्टून सिनेमा सापडला आणि त्यांनी मलाही बोलावलं. माझी शाळा सातवीतच सुटलेली. खालच्या इंग्रजी ओळी तेच मराठीत सांगत होते. सिनेमा थांबवताना अंगठा शिक्का मारल्यासारखा दाबायचे.

राजासाठी औषध आणलेल्या पोरीला उडत्या महालाचा पहारेकरी तिसऱ्यांदा परत पाठवतो, तेव्हा साहेब भडकले. "माणूस हाय का कोण? लेकरू चकरा मारून राह्यलं, ह्याला दया न्हाई बिलकुल!"

माझी नोकरी रहिवासी दाखल्यावर अडली होती. साहेबांच्या खिडकीवर चार चकरा झाल्या होत्या. भीत भीत विचारलं.

डोळे पुसत म्हणाले, "उद्या न्हाई जमायचं. परवा एक चक्कर मारा."

मी आभार मानले. गावापासून इतक्या लांब मला सिनेमाला दुसरं कोण बोलावतं?