आधी नको म्हणणारी रेणुका

कानडी मुलखातल्या भालकीच्या भाजीबाजारात जवळच्या मेहकर गावची रेणुका टेम्पो चालवते, हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. पहिल्या वर्षी लोक थांबून बघायचे. हमाल उगाच हात हलवून "आक्का, इकडं, इकडं" करायचे, जणू हिला डोळेच नाहीत! मग एकदा बोळात दोन गाड्या समोरासमोर अडकल्या. दोन्ही बहाद्दर खाली उतरून एकमेकांचा उद्धार करत बसले, आणि त्यांच्या मागं अडकलेल्या रेणुकानं आपला टेम्पो मागच्या मागं बोळाबाहेर काढून वाट मोकळी केली. त्या दिवसापासून हमालांचे हात खाली आले.

गाडी तिला सासऱ्यानं शिकवली. अंकुशरावांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, आणि मुलगा शिवराज शेतात वाघ असला तरी स्टिअरिंग धरलं की घामाघूम व्हायचा. म्हाताऱ्यानं सुनेला हाक मारली, "बस इथं. भिऊ नको." आधी ट्रॅक्टर, मग टेम्पो, आणि शेवटी मोठ्या गाडीचं लायसनही काढायला लावलं. सासू सोजराबाई काही दिवस तोंड फुगवून होती. मग तीच एकदा पुढच्या सीटवर बसून भावाच्या गावी, ठाणाकुशनूरला जाऊन आली आणि आठवडाभर तेच सांगत फिरली.

अशी ही हुशार बाई. पण तिला एक खोड. तिची एकटीची कशाला म्हणा, आमच्या सगळ्या मुलखाचीच आहे. आपल्याला एखादी गोष्ट येते, असं आपल्या तोंडानं म्हणायचं नाही! लग्नातला भात कमलबाईनंच शिजवायचा, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक. तरी बोलावणं गेलं की कमलबाई म्हणणार, "मला न्हाई बाई जमायचं, दुसरं कुणी बघा." मग दोघीतिघींनी जायचं, हाताला धरायचं, "तुमच्याबिगर हाय कोण?" म्हणायचं. तेव्हा कुठं कमलबाई पदर खोचणार. पहिल्याच बोलावण्याला 'व्हय' म्हणाली, तर ती मिजासखोर.

यंदा भालकीतल्या एका इंग्रजी शाळेला बससाठी बाई ड्रायव्हर हवी होती. ही नोकरी रेणुकाला जीव तोडून हवी होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात लेकरू नाही. गावातल्या बारशाला गेली की बाया बाळ या हातातून त्या हातात देत जायच्या आणि रेणुकापाशी आलं की कुणीतरी हळूच दुसरीकडं वळवायचं. ती घरी येऊन कुणाला काही बोलायची नाही. पण मिरच्यांच्या पोत्यांऐवजी गाडीत कलकलाट करणारी पोरं असतील, आपण त्यांना हात धरून चढवू, उतरवू, या नुसत्या विचारानं तिला गहिवरून यायचं.

शाळेला थोडं इंग्रजी येणारी बाई पाहिजे होती. रेणुकाच्या टेम्पोतून भाजी घेणाऱ्या मालतीबाईंनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेलं. रिटायर झाल्यावर शिकवायला कुणी नाही म्हणून हात शिवशिवत होतेच. बाजार आटोपला की रेणुका त्यांच्या ओसरीवर बसायची. कानडी, मराठी, दखनी उर्दू बोलणाऱ्या जिभेला आणखी एक भाषा काही जड गेली नाही.

मुलाखतीला हेडबाई सुधारानी होत्या, पार तिकडं दक्षिणेतल्या, तुमकूरकडच्या. त्यांनी लायसन बघितलं आणि इंग्रजीतच विचारलं, "कॅन यू ड्राइव्ह अ बिग बस?"

प्रश्न कळला नाही असं बिलकूल नाही. लख्ख कळला. रेणुकानं मान खाली घातली आणि म्हणाली, "नो, मॅडम." आणि आता बाई परत विचारतील म्हणून वाट बघत उभी राहिली.

सुधारानीबाई कशाला परत विचारतात! त्यांच्या लेखी नाही म्हणजे नाही. "थँक यू," म्हणाल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

ऐकून मालतीबाई कपाळावर हात मारून ओरडल्याच. "अगं काय करून बसलीस तू! आग्रह करायला ती काय तुझी जाऊ आहे?"

"माझ्या तोंडानं कसं सांगू बाई?" रेणुकाचे डोळे भरले. "कॅन म्हंजे मी करू शकते. माझ्यात लई ताकद हाय, असं सांगितल्यासारखं वाटतंय."

मालतीबाईंचा राग तिथंच उतरला. त्यांना शब्दांच्या मुळाशी जायचं भारी वेड. "इकडं बघ," त्या म्हणाल्या, "हा ताकदीचा शब्द नव्हेच मुळात. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ठाऊक असणं. करू शकण्याचा अर्थ मागाहून आला, आणि 'आत येऊ का' म्हणून परवानगी मागायला पोरं वापरतात तो तर अगदी अलीकडचा. आणि आणखी मागं गेलीस ना, तर आपलं जाणणं आणि त्यांचं कॅन एकाच कुळातलं निघतं."

"जाणणं? म्हंजे आपण जाणती बाई म्हणतो, ते?"

"तेच. आता सांग, जाणत्या बाईला कुणी मिजासखोर म्हणतं का?"

रेणुकानं नाही अशी मान हलवली. मालतीबाई सोडेनात. "तुझ्या सासऱ्यानं जीव लावून शिकवलं, ते तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे एवढंच सांगायचं. नाही म्हणालीस तेव्हा त्या म्हाताऱ्यालाही खोटं पाडलंस."

हे मात्र तिला लागलं. खरंच लागलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटायच्या वेळेला ती कुणी न बोलावता गेली. न बोलावता जाणं म्हणजे तिच्या जिवावर आलेलं; तरी फाटकातून आत शिरली. सुधारानीबाईंनी ओळखलं. "काल तर नाही म्हणालात," त्या कानडीत म्हणाल्या.

रेणुकानं कानडीतच सगळं सांगून टाकलं. कमलबाईचा भात, आमची रीत, सगळं. तिला वाटलं बाई हसतील. कशाच्या हसतात!

"इथं लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "ब्रेक लागतात का विचारलं, तर मला पहिल्यांदाच खरं उत्तर पाहिजे. लग्नघर नाही हे."

बोलणं कडू होतं, पण खरं होतं. रेणुकानं मान वर केली. "आय कॅन, मॅडम," ती म्हणाली. "मामंजींनी शिकवलंय. मला मोठी गाडी येते."

बाईंनी किल्ली पुढं केली. रेणुका लगेच चढली नाही. आधी बसच्या भोवती फिरली, चाकं बघितली, वाकून खाली कुणी पोर खेळायला घुसलंय का बघितलं. मग आत बसून आरसे आपल्या उंचीला लावले आणि त्या अरुंद फाटकातून बस सावकाश बाहेर काढली, तळ्याकडून वळवून आणली, आणि उलटी घेत परत जागेवर लावली. फाटकाला ओरखडा नाही. मग ती खाली उतरली.

सुधारानीबाईंनी फाटक बघितलं, बस बघितली. तशाच आत निघून गेल्या. गेली नोकरी, रेणुकाच्या मनात आलं. तेवढ्यात त्या आपल्या नातीचा, बालवर्गातल्या भार्गवीचा, हात धरून बाहेर आल्या आणि तो इवलासा हात त्यांनी रेणुकाच्या हातात दिला.

"आम्हाला घरी सोडा," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारपासून हिला रोज तुम्हीच आणायचं."

रेणुकानं पोरीला उचलून बसमध्ये चढवलं. वाटभर तिचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. घर येईस्तोवर पोर सीटवर पेंगली होती. सुधारानीबाई दप्तर घेऊन पुढं उतरल्या, आणि झोपलेल्या लेकराला रेणुकानं उचलून खाली आणलं. पोरीनं झोपेतच तिच्या गळ्यात हात टाकले. बाईंनी कुलूप उघडलं, दार लोटलं, तरी रेणुका तिला छातीशी धरून अंगणातच उभी होती. सुधारानीबाईंनी एकदा वळून बघितलं, आणि हाक न मारता त्या दारातच थांबल्या.