टपालकाकांची अडकलेली उत्तरं

टपालकाकांना गल्लीत कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. उभा जन्म टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करण्यात गेला, तर दुसरं काय म्हणणार? अक्षर कितीही गिचमिड असो, काका पाकिटावर एक नजर टाकायचे आणि पाकीट बरोबर आपल्या खणात जाऊन पडायचं. निवृत्तीनंतरही रुबाब तोच. फक्त तो सोसायला आता घरात एकटी थोरली बहीण उरली होती, आक्का. बायको केव्हाच गेली. एकुलती एक मुलगी भांडून घराबाहेर पडली ती थेट परमुलखात जाऊन राहिली. तिचा फोन नंबरही ह्यांच्याकडे नव्हता. वर्षातून एखादं दोन ओळींचं मेल यायचं, एवढाच काय तो संबंध.

तर अशात काकांनी इंटरनेटची कंपनी बदलली. नव्या कंपनीच्या माणसानं वायर ओढली, डबीवरचे दिवे लागले, आणि जे पान उघडायला आधी जीव जायचा ते चुटकीसरशी समोर येऊ लागलं.

"बघ, कसं पळतंय," काका म्हणाले.

"पळू दे. तुला कुठं गाठायचंय?" आक्का म्हणाली.

त्याच आठवड्यात मुलीचं मेल आलं. "बाबा, सुट्टीत छोटीला घेऊन तिकडे यायचं म्हणतेय. येऊ का? तुम्ही म्हणालात तरच तिकिटं काढते."

नातीचं तोंड काकांनी अजून पाहिलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की आधी त्यांनी ते मेल आक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग लिहिलं, "ये." मागाहून वाटलं, हे फारच तुटक झालं. म्हणून दुसरं लिहिलं, "जरूर ये, आक्का वाट बघते आहे." आणि संध्याकाळी, मनाचा हिय्या करून, तिसरं, "मीही वाट बघतो आहे." दर वेळी पडद्यावर कसलीशी इंग्रजी चौकट उघडायची. काकांनी 'ओके' दाबलं की ती मुकाट निघून जायची. मेल आउटबॉक्समध्ये दिसायचं. आता उभा जन्म टपालात घालवलेल्या माणसाला डबा दिसला, डब्यात पत्र दिसलं, मग आणखी काय हवं? पत्र पेटीत पडलं म्हणजे गेलं.

आठवडा गेला. मुलीचं पुन्हा मेल. "बाबा, तुमचं उत्तर आलं नाही. यायचं की नाही?"

झालं. काकांचं डोकं फिरलं. तीन-तीन पत्रं पाठवली आणि वर ही म्हणते उत्तर नाही? यायचंच नसेल तर तसं सांगावं. आक्का म्हणत होती, "अरे, मिळालं नसेल तिला." पण ऐकतो कोण? "तिचं मला मिळतं, मग माझं तिला कसं मिळत नाही?" म्हणत काकांनी चौथं मेल लिहिलं. "तुझी खोटं बोलायची सवय गेलेली दिसत नाही. येऊ नकोस." चौकट आली. ओके.

ह्याच्या दोन दिवस आधी काकांनी पेन्शनच्या कामाचंही एक मेल कचेरीला पाठवलं होतं. पुढं त्याची चौकशी करायला तिथं गेले, तर कारकून म्हणाला, "तुमचं मेल आलेलंच नाही, काका." काका तिथूनच मागं फिरले. म्हणजे पोरगी खरं बोलत होती.

घरी येऊन त्यांनी नव्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं नेट चालू आहे. मेलचं काम आमच्याकडे नसतं." जुन्या कंपनीला लावला. "तुम्ही आता आमचे ग्राहक नाही." पुन्हा नवी, पुन्हा जुनी. काकांनी हात टेकले. जो माणूस कुणाचंही पत्र कुठंही पोचवायचा, त्याला स्वतःचं एक 'ये' पोचवता येईना.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातली कॉम्प्युटर दुरुस्तीवाली बाई आली. तिनं खुर्चीवर बसायच्या आत दुखणं ओळखलं. "काका, मेल यायचा रस्ता वेगळा, जायचा वेगळा. तुमचं जाणारं मेल अजून जुन्या कंपनीचंच दार वाजवतंय. तुमची लाइन आता त्यांची नाही, म्हणून ते दार उघडत नाहीत. नव्या कंपनीचा पत्ता घातला की झालं." तिनं तो घातला. "इथं बरीच अडकलीत. ठेवू की काढून टाकू?"

"काढताय कशाला? पेटीतल्या टपालाला हात लावायचा नसतो. जाऊ दे सगळं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त ते 'ये' होतं.

बाईनं बटण दाबलं. एकेक ओळ पुसली जाऊ लागली. सगळ्यात शेवटी 'येऊ नकोस'ची गेली, आणि तेव्हा काकांना आठवलं.

"ते शेवटचं थांबवा हो."

"गेलं, काका. आता नाही येत परत."

बाई गेल्यावर काकांनी मुलीला भराभर लिहिलं. कंपनी बदलली, मेलं अडकली, शेवटचं रागाच्या भरात लिहिलं, मनावर घेऊ नकोस, ये. हेही गेलं. ह्या खेपेला कुठलीच चौकट आली नाही. मग ते पडद्यासमोरून हललेच नाहीत. आक्कानं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

उत्तर दिवे लागायच्या वेळी आलं.

"बाबा, सगळी मिळाली. मेलं अडकली होती हे कळलं, त्याचा राग नाही. मशीन बिघडतं. पण उत्तर आलं नाही असं मी लिहिलं, तेव्हा तुम्हाला मशीन नाही, मीच खोटी वाटले. घर सोडलं तेव्हाही हेच झालं होतं. छोटीसमोर ते नको. आम्ही येत नाही. आक्काआत्याला नमस्कार."

काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यावर काय लिहायचं? मेल आता सुरळीत जात होतं, आणि लिहायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून आक्कानं विचारलं, "काय रे, काय म्हणते?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोचलं म्हणते," ते म्हणाले.