आप्पांच्या नावाची घागर

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की पहिला हसणारा मी. लिंबू-मिरचीवरून मित्रांची इतकी टर उडवलीय की हे वाचून ते आता माझी उडवतील... उडवू देत. कापड मार्केटमध्ये पार्सलं पाठवायचं माझं काम, भुताखेतांसाठी आपल्याकडे टाइम नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. भुतांवर आजही माझा विश्वास नाही. पण आप्पांचं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी पारोळ्याकडून सुरतेत आले आणि जन्मभर शहराबाहेर पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, राबले. गरम हवेत कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनवर त्यांची ड्युटी. त्या उन्हाळ्यात बाहेर आग आणि आत भट्टी... एका दुपारी मशीनपाशीच कोसळले. उष्माघात. हॉस्पिटलात आणलं तेव्हा अंगाला हात लाववत नव्हता. किडन्यांवर परिणाम झाला होता, शुद्ध अर्धवट होती. डॉक्टरांनी बजावलं – सलाइन चालू आहे, तोंडाने मात्र थेंबही द्यायचा नाही. त्यांना नीट गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात गेलं तर संपलं.

आणि आप्पा तर एकच मागत होते. पाणी.

ओठ पुसायला मी कापसाचा बोळा भिजवायचो. आप्पा तो दातांत धरून चोखायला लागायचे आणि मी ओढून काढायचो. स्वतःच्या बापाच्या तोंडातून ओला कापूस ओढून घ्यायचा... कोणावर अशी वेळ येऊ नये. माझी माय भेटायच्या वेळेत यायची, हे बघायची आणि वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहायची.

अशात आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आम्हा खानदेशी लोकांत त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात गार पाणी आणि वर डांगर, म्हणजे खरबूज. भर उन्हाळ्यात आपल्या मेलेल्या माणसांची तहान भागावी म्हणून. ज्याच्या त्याच्या नावाची घागर वेगळी. यंदा राहू दे, असं मी मायला सांगून पाहिलं. पण सासू-सासऱ्यांना तहानेलं ठेवायचं नाही म्हणाली, आणि त्या दिवशी घरीच थांबली.

दुपारी मी आप्पांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसलो होतो. पंखा गरम हवा फेकत होता. गच्चीवरची टाकी तापलेली, त्यामुळे नळाच्या पाण्याने हात भाजत होते. आप्पा डोळे मिटून पडले होते... आणि त्यांचा गळा हलायला लागला. घोट घेताना हलतो तसा. आधी सावकाश, मग घाईघाईने, बराच वेळ. मी वाकून बघितलं, तोंडात काही नव्हतं. तेवढ्यात ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याचा ओघळ हनुवटीवर आला. मी हाताने पुसला. गार होता... माठातलं पाणी असतं तसा गार. हाताला नव्या मातीचा वास आला.

आप्पांनी डोळे उघडले. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला ओळखलं, घरी हाक मारायचे तसं 'भाऊ' म्हणाले.

"पोटभर पानी पिधं रे भाऊ," ते म्हणाले. "नवी घागरनं व्हतं. वर डांगर ठेयेल व्हतं."

आज आखाजी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी काही विचारणार तोच सिस्टर आल्या आणि ओली हनुवटी बघून भडकल्या.

"भाई, तमे पाणी पीवडाव्युं?"

मी नाही म्हटलं, आईची शपथ घेतली. माझी पाण्याची बाटली दाखवली, तिचं सील तसंच होतं. तरी त्यांची नजर सांगत होती की पोरगा खोटं बोलतोय. आप्पांनी मात्र त्यानंतर पाणी मागितलं नाही. शांत झोपले, आणि दिवस मावळायच्या आत गेले. छातीत पाणी गेलं होतं का, हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. नाही म्हणाले, किडन्यांनीच दगा दिला.

आप्पांना घरी आणलं तेव्हा देवाजवळ घागरी तशाच भरलेल्या होत्या. आजोबांची, आजीची... आणि अजून एक. त्या रडारडीत ती कोणाची हे कोणीच विचारलं नाही.

दहाव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मायने मला जवळ बसवलं.

"मना जीव ऱ्हायना नही रे भाऊ," ती म्हणाली. "मरेलसले पानी पाजानं, नि तुना बाप तठे तडफडस. मी त्यासना नावनी घागर भरी."

जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. तिला तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"जित्ता मानूसनी घागर भरी मी," ती हळूच म्हणाली. "मीच धाडं का रे त्यासले?"

नाही माय, किडन्या गेल्या होत्या, असं म्हणालो. ते खोटं नव्हतंच. पण आप्पांचं बोलणं ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

आता लोक म्हणतील, तापात माणूस बरळतो, तोंडाची लाळ असेल, बापाच्या काळजीत तुला भास झाला असेल. या सगळ्या गोष्टी मी स्वतःला समजावून झाल्यात. लाळ असेल, मान्य. मग तिला नव्या घागरीचा वास कसा? आणि डांगर? कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी खरंच ऐकेन.

माय हल्ली ग्लासभर पाणीसुद्धा पुरतं पीत नाही. दोन घोट घेते आणि खाली ठेवते, म्हणते, तुझा बाप तहानेलाच गेला. ते तहानेले गेले नाहीत, पोटभर पिऊन गेले, एवढंच मला तिला सांगायचंय. रोज सांगावंसं वाटतं... पण ते कोणतं पाणी पिऊन गेले, हे ती लगेच विचारेल.