सहा कप आणि लेकीचा मांडव

माझ्या लेकीचं लग्न आमच्या अमडापुरात झालं नाही, याचा राग मला अजून आहे आणि तो सगळा चहावर आहे.

मी मिरचीचा व्यापारी. धंदा कोणी शिकवला नाही, पण एक गोष्ट बाजारात लवकर कळली: समोरच्याचा चहा आधी पोटात गेला, की त्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून मांडव कोणाच्या दारात घालायचा हे ठरवायला धामणगावचे व्याही आले, तेव्हा मी बायकोला, सुमनला, बजावलं, "बोलणीच्या आधी चहा."

व्याही बैलांचे व्यापारी. (हे गणित त्यांनाही ठाऊक असेल, असं मला वाटलंच नाही.)

आल्याचा चहा आला.

"आल्यानं छातीत जळजळते, इवाई," व्याही मला म्हणाले.

"मंग इलायचीचा करते," सुमन म्हणाली.

"साखर बंद हाय मले."

केलेला चहा मोरीत ओतणं माझ्याने होत नाही. दोन्ही कप मीच प्यायलो.

मग गुळाचा. गूळ चहा उतरवल्यावर घालायचा असतो. सुमनने घाईत उकळीतच टाकला आणि दूध फाटलं. व्याह्यांनी कप नाकाशी नेला. "चहा हाय का पनीर?" तोही मी प्यायलो, रागाने. कोरा केला, तर म्हणे झोप उडते. सकाळचे अकरा वाजले होते! लिंबाचा केला, तर दात आंबतात. शेवटी परसातला गवती चहा कापून तुळशीबरोबर उकळला.

"याच्यात पत्ती कुठी हाय? हा त काढा झाला. मी बिमार दिसतो का तुमाले?"

सहावा कप मी एका घोटात संपवला (जीभ भाजली) आणि ओरडलो, "मंग पेतं काय बे तू..." पुढचं गिळलं. शेवटी व्याही ते.

तेवढ्यात सहा कपांनी एकदम खाली धाव घेतली. मी उठलो, तर व्याह्यांनी मनगट धरलं, मारका बैल धरावा तसं.

"बसा. बोलणी अर्धी टाकून उठू नाई. मांडव कोणाच्या दारात?"

"आलोच दोन मिंटात."

"सांगून जा."

"तुमच्या दारात. हात सोडा."

परत आलो तेव्हा व्याही सुमनने नव्याने केलेला आल्याचा चहा बशीत ओतून पीत होते.

"आता नाई जळजळत छातीत?"

"थे बोलणी होयेपर्यंतच जळजळते."

सगळे हसले. सुमनने सातवा कप माझ्या हातात दिला, आणि नाही म्हणायला मला एकही कारण सुचलं नाही.