मामेसासऱ्यांचं एका शब्दाचं इंग्रजी

इंग्रज दीडशे वर्षं राज्य करून गेले, पण त्यांच्या भाषेवर जरब बसवली ती माझ्या मामेसासऱ्यांनी, आणि तीही इंग्रज गेल्यावर चार-पाच वर्षांनी. सक्करदऱ्याला त्यांचा हातमाग होता. नऊवारी विणावी तर मामाजींनीच! पण बाजारात गिरणीची लुगडी येऊ लागली आणि माग आठवड्यातले चार दिवस नुसताच उभा राहू लागला. तेवढ्यात सरकारी विणकामशाळेत मास्तरची जागा निघाली. मुलाखत इंग्रजीत. मी त्याच खात्यात कारकून, म्हणून पन्नाशीच्या या विद्यार्थ्याची शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

“जवाईबापू, सारी इंग्रजी मले नाही पायजे,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले. “एकच शब्द द्या. पण मजबूत द्या.”

मी ‘हँड’ दिला. त्या शब्दाचा रोज एक वाक्प्रचार शिकवायचा, असं ठरलं. पण मी अर्थ सांगायच्या आत मामाजी तो स्वतःच लावून मोकळे होत, आणि एकदा लावलेला अर्थ कितीही धुतला तरी निघत नसे. ‘रेड हँडेड’ म्हणजे गुन्हा करताना रंगेहाथ सापडलेला, हे मी सांगेपर्यंत त्यांनी शेजारच्या रंगाऱ्याची नव्या हवालदाराशी ओळख करून दिली होती, “हा आमचा रेड हँडेड माणूस. याच्या बापजाद्यापासून हेच चालू आहे!” बिचारा रंगारी दुपारभर चौकीवर आपले लाल हात दाखवत बसला. पुतणीच्या लग्नात तर कहरच झाला. नवरदेव बिजवर होता. त्याच्या इंग्रजी जाणणाऱ्या काकांना मामाजी भर पंगतीत अदबीने म्हणाले, “नवरदेव सेकंड हँड आहे, पण चांगला चालून राहिला.” वऱ्हाड पानांवरून उठता उठता राहिलं.

“इंग्रजीत काहून बोलता?” मामीजी कडाडल्या. “मराठीत भांडणं कमी होतात का?”

मुलाखतीला साहेब मद्रासकडचे होते. मी उमेदवारांची यादी घेऊन कोपऱ्यात उभा होतो. घरचं कसं चालतं, असं साहेबांनी इंग्रजीत विचारलं. मामाजींना प्रश्न किती कळला, देव जाणे. ते ताठ उभे राहिले.

“सर! आय, माय फादर, माय ग्रँडफादर, ऑल लिव्ह हँड टू माऊथ!”

आणि त्यांनी हाताने घास घेतल्याची खूण केली. आम्ही काट्या-चमच्याची माणसं नाही, बोटांनी जेवणारी साधी माणसं आहोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. साहेबांना मात्र ऐकू आलं ते इतकंच, की या घरात तीन पिढ्या हातातोंडाची गाठ पडणं कठीण आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे एकही प्रश्न न विचारता मामाजींना शेजारच्या खोलीतल्या मागावर बसवलं. धोटा असा सरसर धावू लागला, की साहेब खुर्ची ओढून पाहतच बसले.

जागा मामाजींना मिळाली.

“जवाईबापू, साहेबाचे डोळे काहून भरले गा?” बाहेर आल्यावर त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. “माझं काही चुकलं का?”

“नाही मामाजी,” मी म्हणालो. “एक अक्षर चुकलं नाही.”

पुढे अकरा वर्षं त्यांनी विणकाम शिकवलं आणि दर नव्या वर्गाला ते वाक्य छाती काढून ऐकवलं. खरा अर्थ एकदा सांगून टाकावा म्हणून मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा मामीजी पानं वाढत होत्या आणि मामाजी बोटांनी वरणभात कालवत होते. दोन्ही वेळा मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो आणि परत आलो.