नापास कागदांचे नाना

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटली, की नाना पेंटर माझ्या चित्रकलेच्या खोलीत येत. चप्पल दाराबाहेर काढत, माझा अर्धा चहा न विचारता बशीत ओतून घेत आणि म्हणत, "मास्तर, नापास पोरेस्ना कागद द्या."

मी रावेरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. वीस वर्षं झाली. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड हे निसर्गचित्र मी डोळे मिटून काढू शकतो. मुलंही आता डोळे मिटूनच काढतात. त्यातली नीटनेटकी चित्रं मी प्रदर्शनासाठी बाजूला ठेवायचो. एकदा मोठ्या मनानं तोच गठ्ठा नानांपुढे केला, तर त्यांनी तो परत सरकवला. "हाई नको. चांगला कागद तुमना शेतस, पोरेस्ना नहीत."

माझ्याच खोलीत, माझाच चहा पिऊन! संताप आला. मला उत्तरं घरी गेल्यावर, आमटीचा भुरका मारताना सुचतात.

नाना मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी रावेरला आले आणि केळीच्या गाड्या रंगवू लागले. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर, गरुड, कमळ, वाघ ही त्यांची मक्तेदारी. पुढे जळगावहून कॉम्प्युटरवर कापलेले रेडियमचे स्टिकर येऊ लागले आणि गाडीवाले तिकडे वळले. एकदा नाना शांतपणे म्हणाले, "मन्हा हात चाळीस वरीसपासून एकच मोर काढी राहिना. तोच मोर कॉम्प्युटर पाच मिनिटमा काढी देस. मंग माले कोण इचारी?"

म्हणून ते मुलांच्या कागदांत काहीतरी शोधत होते. म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कागद उलटा धरून बघायचे, सुलटा धरून बघायचे, मध्येच एकटेच हसायचे. मला तपासायचे गठ्ठे दिसत असत आणि ह्यांचं हे चाले. वर शेरे. "रावेरमा नारळ कोठे शे, मास्तर? पोरेस्नी केळ देखेल शे, ती काढू द्या." मी म्हणालो, "नाना, केळ अभ्यासक्रमात नाही." हे वाक्य मी खरंच उच्चारलं. साक्षीदार आहेत.

बायकोच्या बहिणीचा नवरा, माझे साडू प्रल्हादभाऊ, ह्यांनी एका वर्षी दिल्लीला केळी न्यायला नवी गाडी घेतली. ते स्टिकरच लावणार होते. मी भीड घातली, म्हटलं नानांना द्या, गरुड असा काढतील की दिल्लीपर्यंत पंख फडकतील. नानांकडे तेव्हा दुसरं काम नव्हतं. ही गाडी बिघडली, तर ब्रश बांधून ठेवायचे, असं ते स्वतःच बोलले होते.

चौथ्या दिवशी प्रल्हादभाऊंचा फोन. "सर, आत्ताच्या आत्ता या!"

फाळक्यावर गाय होती. निळी. दोन्ही डोळे एकाच बाजूला आणि पाय पाच. कोपऱ्यात, जिथे पेंटर आपलं नाव टाकतो तिथे, 'कु. साक्षी, पाचवी ब'.

"मी गरुड सांगतला व्हता, गरुड!" प्रल्हादभाऊंचा आवाज चिरकला. "गायीले पाच पाय? लोकं हासतीन मले!"

मी ते चित्र ओळखलं. त्यावर लाल पेनानं 'गायीला पाय चार असतात. ३/१०' असं मीच लिहिलं होतं. नाना मात्र गाडीच्या सावलीत बसून ब्रश पुसत होते. म्हणाले, "मी पोरले इचारं. ती म्हने, गाय चाली राहिंती, मी काढस तवढामा पाय पुढे गया. साक्षीनी गाय चालस, मास्तर. तुमनी उभीच ऱ्हास."

केळी भरायची वेळ झालेली. पुन्हा रंगवायला सवड नव्हती. गाडी तशीच दिल्लीला गेली आणि मी आठ दिवस साडूच्या गल्लीतून जाणं टाळलं. नवव्या दिवशी ते स्वतः घरी आले, हातात पेढे. मंडीत म्हणे हमाल, व्यापारी, सगळे गाडीमागे उभे राहून फोटो काढत होते. 'पाच पायवाली गाडी आली का?' असं विचारत होते. प्रल्हादभाऊ आता त्या गायीला हात लावू द्यायला तयार नव्हते. नानांना त्या हंगामात आणखी सहा गाड्या मिळाल्या. मला कोणी पेढ्याखेरीज काही दिलं नाही.

पण दीड वर्षात नानांचा हात थरथरू लागला. आधी रेघ हलायची, मग बशीच हलू लागली. मुलगी धुळ्याला, ती न्यायला आली. जाण्याआधी त्यांनी प्रल्हादभाऊंच्या दुसऱ्या गाडीचं काम पंधरा दिवस ताडपत्रीआड बसून केलं. मला पाहू दिलं नाही. निरोप घ्यायला गेलो तर फक्त म्हणाले, "चहा आते पुरा प्या, मास्तर."

पुढच्या महिन्यात मी आणि बायको स्कूटरवरून सावद्याकडे निघालो होतो. पुढे प्रल्हादभाऊंची ती गाडी. फाळक्यावर एक बुटकी शाळा आणि शाळेहून दुप्पट उंच माणूस. खांद्यांपेक्षा रुंद मिशी. उजव्या हाताच्या जागी जमिनीपर्यंत लांब लाल पेन. खाली लाल अक्षरांत, थेट माझ्या वळणात, 'माणूस इमारतीपेक्षा मोठा कसा? प्रमाण चुकले. ३/१०'. कोपऱ्यात पुन्हा कु. साक्षी.

"अहो," मागून बायको म्हणाली, "हे तुम्हीच."

कागद तपासताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी स्कूटर कडेला घेतली आणि तिथूनच धुळ्याला फोन लावला. "नाना, तुम्ही मला दिल्लीपर्यंत टांगलं!"

नाना म्हणाले, "पोरनी तुमले शाळापेक्षा मोठं काढं, आन् तुम्ही तिले तीन दिधात. मन्हा हात आते ब्रश धरत नही. तुमना धरस ना? मंग जाई सन बदली टाका."

रविवारी प्रल्हादभाऊंची गाडी उभी होती तिथे गेलो. साक्षीलाही बोलावलं. तिचे वडील तिथेच केळी भरायला असतात. ट्रकच्या मागे स्टुलावर चढलो, तीन खोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा पत्र्यावर ऑइलपेंटनं दहा लिहिले. वीस वर्षं मुरलेला कलाशिक्षक. एक धड आलं, शून्य धड आलं नाही. रंग जास्त झाला होता, शून्याखालून ओघळ सुटला. मी घाईनं फडकं काढलं.

"सर, पुसू नका ना," खालून साक्षी म्हणाली. "त्याला पाय फुटलाय."

मी फडकं खिशात ठेवलं.