दत्तूमामांनी निवडलेली मोटार

दत्तूमामा मोटारींशी बोलत. रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीला आलं की त्यांचं विजेच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं, वाइंडिंगचं दुकान लागे. जळकी मोटार बाकावर आली की तिच्यावर तळवा ठेवून विचारत, "काय गो, कुनी दमवली तुला?" मग तार सोडवायला घेत. नव्वदच्या दशकात मी डिप्लोमा करून जवळच्या एका कंपनीत लागलो होतो. सुट्टीच्या दिवशी मामांच्या दुकानात बसून जे शिकलो, ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. हे मात्र तेव्हा मी चारचौघांत कबूल करत नसे.

पेणचे मूर्तिकार वामनशेठ यांना बॅटरीवर चालणारी हातगाडी हवी होती. कारखाना खोलगट जागी, टेम्पो थांबणार वर रस्त्यावर; मूर्ती चढावरून न्यायच्या. गाडी मी जुळवायची, मोटार मामांनी भरून द्यायची असं ठरलं. भंगारातून आणलेल्या दोन मोटारी दुकानात होत्या. एक दांडगी सिरीज मोटार, दुसरी चुंबकाची, अंगानं लहान.

"चुंबकाची घे," मामा म्हणाले. "चढाला मागून हात लावावा लागल, पन गुमान चालल. ही सिरीजवाली निघतानाच सगला जोर काढते. बटण दाबलंस की हिसका."

मी वही उघडून चढ, वजन, चाकाचा व्यास, सगळं गणित पुढे केलं. मामांनी ते नीट वाचलं. "वजन बरोबर हाय. पन तुझ्या वहीत मूर्ती नाय."

मला राग आला. चौथी नापास माणसानं मला मोटार निवडायला शिकवावी? मी सिरीज मोटारच भरून घेतली आणि गाडीला लावली. वाळूची पोती भरून चाचणी घेतली, ती झकास झाली. पोत्यांना हिसक्याचं काय!

मग पेणला वामनशेठच्या कारखान्यात, मामांच्या देखत, तीन शाडूच्या मूर्ती गाडीत पेंढ्यावर ठेवल्या. रंग झालेल्या, डोळ्यांची आखणी झालेल्या. मी बटण दाबलं. गाडी उडी मारून सुटली आणि तिन्ही मूर्ती मागे कलंडल्या. एकीची सोंड गेली, दोघींचे हात. वामनशेठनी सोंडेचा तुकडा ओंजळीत घेतला.

"दत्तू, मोटार तूच निवडलीस ना?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत राहिलो.

"व्हय शेठ," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

परतताना एसटीत ते एवढंच बोलले, "तुझं अजून सगलं व्हायचं हाय." उद्या शेठना खरं सांगू, असं मी मनाशी ठरवलं. तो उद्या आला नाही. आठवड्यानं मामांनी भरलेली चुंबकाची मोटार मी गाडीला लावली आणि गाडी गुमान चालली. वामनशेठनी खूश होऊन मला घरच्यासाठी मूर्ती भेट दिली. मी ती घेतली, घरी आणून पुजली. पेणच्या कारखान्यांतून रंगाच्या कॉम्प्रेसरच्या मोटारी मामांकडे येत, त्या मात्र यायच्या बंद झाल्या. मामांनी मला कधी त्याबद्दल बोल लावला नाही. मी गेलो की चहा सांगत. त्या चहाची मला लाज वाटे, तरी मी पीत असे.

चारेक वर्षांनी मामा गेले. वामनशेठ भेटायला आले होते. जवळ बसून मला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. पण मोटारीतलं त्याला काही कळत नव्हतं."

मामी समोरच बसल्या होत्या. मी मान डोलावली.